एम्युलेटर असताना खरा फोन कशाला?

संगणकावर एम्युलेटर (संगणकाच्या पडद्यावर चालणारा नकली फोन) फुकट मिळत असताना घरी लिहिलेले अ‍ॅप खऱ्या फोनवर तपासण्याचा खटाटोप कशासाठी, असे तुमच्यापैकी अनेकांनी विचारले. मला याचे उत्तर आईच्या फोनने दिले, म्हणून तीच हकिकत सांगतो.

दुधाच्या रतिबाचा हिशेब ठेवण्यासाठी मी आईकरिता एक लहान अँड्रॉइड अ‍ॅप लिहिले होते. एम्युलेटरवर ते आठवडाभर बिनतक्रार चालले. आईच्या फोनवर मात्र पहिल्या दिवशी दीड लिटरची नोंद नीट झाली आणि दुसऱ्या दिवशी अ‍ॅप उघडताच बंद पडले. आपल्याच हातून काही बिघडले, असे तिला वाटले, आणि ते मला फार लागले.

मग तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा बोट टेकवून डेव्हलपरसाठीचे पर्याय उघडले, यूएसबी डीबगिंग (केबलमधून फोनची तपासणी करू देणारी सोय) सुरू केले आणि फोन संगणकाला जोडला. (केबल आधी पारखून घ्यावी, काही केबलींतून नुसते चार्जिंग होते आणि संगणकाला फोन दिसतच नाही.) लॉगकॅटमध्ये, म्हणजे फोनमधील घडामोडींच्या नोंदवहीत, ‘नंबर फॉरमॅट एक्सेप्शन’ (मजकुराचा आकडा करता आला नाही) अशी नोंद होती आणि तिच्यापुढे ‘१.५’ हा आकडा, देवनागरीत.

आईच्या फोनची भाषा मराठी आहे. आकडा एका दशांश स्थळापर्यंत लिहिण्यासाठी मी जावा या प्रोग्रामिंग भाषेतील ‘स्ट्रिंग फॉरमॅट’ वापरले होते. लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) वेगळे सांगितले नाही तर ते फोनचेच लोकेल घेते आणि मराठीत देवनागरी अंक लिहिते; तोच मजकूर मी साठवत होतो, आणि दुसऱ्या दिवशी तो वाचून त्याचा आकडा करणाऱ्या ‘पार्स डबल’ला देवनागरी अंक कळत नाहीत. उपाय एका ओळीचा होता: साठवताना ‘लोकेल रूट’ (कोणत्याही भाषेशी न बांधलेले लोकेल) सांगायचे, आणि देवनागरी अंक फक्त पडद्यावर दाखवायचे.

एम्युलेटरची भाषाही मराठी करता येते, हे खरे. पण ती करावी हे सुचायला हवे, आणि मला ते सुचले नव्हते, कारण माझा स्वतःचा फोन इंग्रजीत आहे. आईच्या फोनवर तिने वर्षानुवर्षे आपल्या सोयीने केलेल्या निवडी आहेत, आणि त्यांतली एकही मी आधी विचारात घेतली नव्हती.

अक्षरांचा आकारही तिने सर्वांत मोठा ठेवला आहे, त्यामुळे महिन्याची बेरीज पडद्यावर अर्धीच दिसते. या रविवारी ते काम हाती घेतले आहे.