चौकटीच्या वहीतली रिक्षा

1985 साली मामाने लंडनहून झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर आणला, 48 केबी मेमरी, रबरी बटणं, पी दाबलं की स्क्रीनवर अख्खा ‘प्रिंट’ हा शब्द उमटायचा. मी लगेच रिक्षाचा गेम लिहायला घेतला. गणिताच्या चौकटीच्या वहीत आठ बाय आठ घरांत रिक्षा काढायची, प्रत्येक ओळीतली काळी घरं डावीकडून 128, 64, 32 असं निम्मं-निम्मं धरून बेरीज करायची आणि ते आठ आकडे प्रोग्रॅममधल्या डेटाच्या लायनीत टाकायचे, एक जरी चुकला तरी चाक गायब! स्क्रीनवर आठ बाय आठच्या एका चौकोनात दोनच रंग चालायचे, पण रिक्षा काळी-पिवळीच, नशीब. बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ती एकदम आठ पिक्सेल (स्क्रीनवरचे ठिपके) सरकायची, म्हणजे गचके खात (खरी तरी कुठे वेगळी चालते म्हणा). गेम सेव्ह केला आईच्या भजनांच्या कॅसेटवर. पुढचं विचारू नका.