आवळलेला लगाम

"घोडा हरला नाही हो, त्याला हरवलं," असे म्हणत आज लोकलमध्ये शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी दोन्ही मुठी सावकाश छातीशी ओढल्या आणि शेवटच्या वळणावर जॉकीने लगाम कसा आवळला ते दाखवले. दुर्बिणीतून पाहणाऱ्यालाही घोडा दमला असेच वाटावे, इतकी ती हालचाल बारीक होती.

आयुष्यभर मोतद्दारी, म्हणजे घोड्यांची देखभाल, केलेल्या त्या माणसाचे पुढचे वाक्य अजून मनातून जात नाही. "पैसे लावणाऱ्याचे पैसे बुडतात, पण जनावराला वाटतं, आपलंच काही चुकलं."

घरी आल्यावर मला मदिना स्पिरिट हा अमेरिकी शर्यतीचा घोडा आठवला. २०२१ ची केंटकी डर्बी ही तिथली प्रसिद्ध शर्यत त्याने जिंकली, नंतर त्याच्या रक्तात शर्यतीच्या दिवशी निषिद्ध असलेले बीटामेथासोन हे औषध सापडले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये विजेतेपद काढून घेतले गेले. तोवर तो जिवंतही नव्हता. आदल्या डिसेंबरमध्येच कॅलिफोर्नियातल्या सांता अनिताच्या मैदानावर सराव संपवून तो कोसळला होता. त्याच्या प्रशिक्षकाला वकील मिळाले, अपिले करता आली. घोड्याला काय मिळाले?

आजोबा उतरून गेले, आणि त्यांच्या घोड्याचे नाव विचारायचे राहूनच गेले.