ब्रेक पाइप घरी बदलायचाय? आधी नटाचे आटे बघा

ज्यांच्या गाड्या मालवण, रत्नागिरी, अलिबाग साइडला असतात त्यांना वेगळं सांगायला नको, खारी हवा आणि वर चार महिने पाऊस, त्यात गाडीखालून मागच्या चाकांपर्यंत गेलेला ब्रेकचा लोखंडी पाइप कधी खाल्ला जातो कळतच नाही. एरवी बरा दिसतो, पण क्लिपमध्ये चिखल साठलेला असतो, क्लिप काढली की गंजाचे पापुद्रे हातात.

तुमच्या गाडीचा रेडीमेड वाकवलेला पाइप मिळत असेल तर सरळ तोच घ्या, उगाच हौस नको. पण जुनी जीप, पद्मिनी, एखादी फार जुनी इम्पोर्टेड वगैरे असेल तर पाइप बनवण्याशिवाय पर्याय नाही, आणि मग लोक सगळा वेळ पाइप कुठला घ्यायचा यातच घालवतात. माझ्या मते पाइप ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. बहुतेक छोट्या गाड्यांना 4.75 मिमी म्हणजे 3/16 इंचाचा लागतो, तो स्टीलचा घ्या किंवा कॉपर-निकेलचा. कॉपर-निकेल गंजत नाही, अंगठ्याने हवा तसा वाकतो, फ्लेअर (म्हणजे पाइपच्या टोकाची पसरवलेली कड) पण सुरेख बसतो, म्हणून घरी करणाऱ्याने तोच घ्यावा. फक्त फ्रिज-एसीचा तांब्याचा पाइप नको!! "साहेब, तोच टाकतो, काही होत नाही" असं सांगणारे भेटतील, त्यांना हात जोडा. साधं तांबं गाडीच्या थरथरीने कडक होत जातं आणि मग तडकतं.

खरी गोम नटात आहे, म्हणजे पाइपवर ओवलेला, बाहेरून आटे असलेला तो छोटा तुकडा जो भोकात आवळतात. मारुती आणि बऱ्याच जपानी-युरोपियन गाड्यांना एम10 गुणिले 1.0 चे (10 मिमी जाडी, दोन आट्यांत 1 मिमी अंतर) आटे असतात, जुन्या विलीस वळणाच्या जीपला 3/8 इंच जाडीचे, इंचाला 24 आटे. 3/8 म्हणजे 9.5 मिमी, त्यामुळे हा नट एम10 च्या भोकात ढिला का होईना जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोरात ब्रेक मारल्यावर लाइनमध्ये 100 बारच्या आसपास प्रेशर गेलं की काय होईल ते सांगत नाही. त्यामुळे पुण्यात नाना पेठेत जा नाहीतर मुंबईत नागदेवीला, जुना नट खिशात घेऊन जा आणि काउंटरवरच दोन्ही नट शेजारी धरून त्यांचे आटे एकमेकांत बसतात का बघा.

मग फ्लेअर. दोन प्रकार आहेत, डबल (कड आत दुमडून दुहेरी केलेली) आणि बबल (टोक फुग्यासारखं गोल). ज्या भोकात नट जातो त्यात टॉर्च मारा, तळाला बाहेर आलेला सुळका दिसला तर डबल, आत गेलेला खळगा दिसला तर बबल. एकाच्या जागी दुसरा चालत नाही, कितीही आवळा. आणि सील होतं ते फ्लेअरच्या तोंडावर, आट्यांवर नाही, त्यामुळे टेफ्लॉन टेप गुंडाळायचा प्रश्नच येत नाही, उलट तिचे तुकडे लाइनमध्ये जातील. मधे तुटलेल्या पाइपला रिंगवाला कॉम्प्रेशन जॉइंट लावणं तर बिलकुल नको, नळाच्या कामाला ठीक आहे तो.

पैसे खर्च करायचे तर फ्लेअरिंग टूलवर करा. दोन पट्ट्यांमध्ये पाइप चिमटायचं जे स्वस्त टूल मिळतं त्यात स्टील पाइप सरकतो आणि फ्लेअर एका बाजूला कलतो, कॉपर-निकेलवर कसंबसं चालतं. बाकावर पकडायचं, डाय (साचा) आणि फिरत्या डोक्याचं टूल महाग आहे पण दोघा-तिघांत मिळून घेतलं तर परवडतं. पाइप हॅक्सॉने कापू नका, छोटा पाइप कटर घ्या, कापल्यावर आतली कड साफ करा, आतला चुरा झटका, टोकाला ब्रेक ऑइलचा थेंब लावा, आणि हो, फ्लेअर मारायच्या आधी नट पाइपवर ओवा (हे वाचून हसाल, पण त्या दिवशी आठवेल).

जुने नट सोडवायला साधा फिक्स पाना लावलात तर कोपरे गोल होणार, मग व्हाइस ग्रिप, मग शिव्या. एका बाजूने फट असलेला रिंग पाना मिळतो, फ्लेअर नट पाना म्हणून मागा, 10 आणि 11 नंबर बहुतेक ठिकाणी पुरतात. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट 3 किंवा 4, नवीन सीलबंद डब्यातलं, कारण उघडा डबा हवेतला ओलावा ओढतो. पेंटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

नवीन ऑइल भरून लाइनमधली हवा काढून झाली की इंजिन चालू करून कुणालातरी पेडल जोरात दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जॉइंटला कोरडा पेपर लावून बघा. डाग आला तर नट ढिला करून परत आवळा, तरी आला तर जोर लावत बसू नका, तेवढं टोक कापा आणि नवीन फ्लेअर मारा. म्हणूनच पाइप कापताना थोडा जास्त लांब ठेवायचा.