भाचीसाठी पहिला टेलिस्कोप घेतला त्याची गोष्ट

नोव्हेंबरात धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, हिला टेलिस्कोप पाहिजे म्हणत्या, ऑनलाईन एक बघितलाय, ५२५ पट मोठं दिसतंय असं लिहिलंय, ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे, घेऊ काय?" मी म्हटलं थांब, पैसे भरू नकोस, मी संध्याकाळी घरी येतो.

भाची सहावीत आहे, इथं कोल्हापुरात राजारामपुरीत राहतात ते. तिला हे वेड कुठून लागलं तर किरणोत्सवावरनं, म्हणजे मावळतीची किरणं देवळात थेट देवीपर्यंत पोचतात त्या सोहळ्यावरनं. दरवर्षी आज्जीबरोबर अंबाबाईला जाते, आणि यावर्षी तिनं विचारलं की मामा, सूर्याची किरणं नोव्हेंबरात पण देवीवर येतात आणि परत जानेवारीच्या शेवटी पण येतात, दोनदा कशी काय? आम्ही सगळे लहानपणापासून हे बघत आलोय पण असा प्रश्न मला त्या वयात पडला नव्हता. मग कॅलेंडर काढून तिच्याकडनंच दिवस मोजून घेतले. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस आणि २१ डिसेंबर ते ३१ जानेवारी पण ४१ च दिवस. २१ डिसेंबरपर्यंत सूर्य मावळताना दक्षिणेकडे सरकत जातो, तिथनं परत फिरतो, त्यामुळं जाताना एकदा आणि येताना एकदा तो देवळाच्या महाद्वाराच्या बरोबर रेषेत मावळतो. तिनं ते वहीत लिहून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी आईकडं टेलिस्कोप मागितला. म्हणजे हौस खरी आहे, आणि म्हणूनच मला काळजी वाटत होती.

कारण माझं काय झालं ते सांगतो. मी सातवीत असताना पप्पांनी मला टेलिस्कोप आणला होता, एका प्रदर्शनातनं, त्या काळात त्यांच्या दृष्टीनं बरेच पैसे घालून. ५० एमएम व्यासाचं भिंग, वीतभर उंचीचा तीन पायांचा स्टँड आणि खोक्यावर शनीचा मोठा रंगीत फोटो. चंद्र कसाबसा सापडायचा, सापडला की स्क्रू घट्ट करायचा, स्क्रू घट्ट केला की नळी खाली लवायची आणि चंद्र गायब. डोळा टेकवला तरी सगळं थरथरायचं. दोन महिने मी रोज गच्चीवर बसलो आणि शेवटी मनाशी ठरवून टाकलं की हे आपल्याला जमत नाही, हे हुशार पोरांचं काम आहे. टेलिस्कोप माळ्यावर गेला. पुढं पंधरा वर्षांनी कागलकडच्या एका मित्राच्या शेतात चांगल्या टेलिस्कोपमधनं गुरू बघितला तेव्हा कळलं की दोष माझ्यात नव्हता, त्या स्टँडमध्ये होता. एवढी वर्षं मी आकाशाकडं बघितलंच नाही याचं मला अजून वाईट वाटतं. वाईट टेलिस्कोपमुळं पैसे जातात ते एक वेळ परवडलं, पण पोरगं स्वतःला नापास करून घेतं ना, ते भरून येत नाही.

तर त्या ५२५ पटीचं. किती पट दिसणार याचं गणित एकदम सोपं आहे, टेलिस्कोपच्या फोकल लेंग्थला, म्हणजे भिंगापासून चित्र जिथं टोकदार उमटतं तिथपर्यंतच्या अंतराला, आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या बारक्या लेन्सच्या, फोकल लेंग्थनं भागायचं. बहिणीनं बघितलेला ६० एमएमचा होता, फोकल लेंग्थ ७००, त्याच्याबरोबर ४ एमएमचं बारकं आयपीस, म्हणजे झाले १७५ पट, आणि वर एक तीनपट करणारी बार्लो लेन्स देतात, १७५ गुणिले ३, झाले ५२५. आकडा कागदावर बरोबर आहे. पण भिंगाच्या प्रत्येक मिलिमीटरमागं साधारण दोन पट, याच्या पुढं गेलं की नुसतं अंधुक आणि फुगलेलं दिसतं, म्हणजे ६० एमएमला १२० पट ही शेवटची हद्द, ती पण हवा एकदम शांत असेल तर. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र शोधले ते साधारण २० पटीच्या दुर्बिणीतनं. म्हणून खोक्यावर जर सगळ्यात मोठ्या अक्षरात पट लिहिलेले असतील तर ते खोकं सरळ परत ठेवायचं, हा माझा नियम आहे.

मग बघायचं काय, तर पहिल्यांदा तोंड किती मोठं आहे ते. पावसात गच्चीवर तांब्या ठेवला आणि शेजारी परात ठेवली तर जास्त पाणी कशात साठणार, तसंच उजेडाचं आहे. काही टेलिस्कोपमध्ये भिंगाच्या जागी आरसा असतो, तर ५० एमएमच्या भिंगाच्या मानानं १३० एमएमचा आरसा पावणेसात पट उजेड गोळा करतो, कारण इथं व्यास नाही तर क्षेत्रफळ मोजायचं असतं.

पण माझ्या मते त्याच्याहून महत्त्वाचा आहे स्टँड, ज्याला माउंट म्हणतात, आणि हे कुणीच सांगत नाही कारण फोटोत स्टँड हलताना दिसत नाही. दुकानात टेलिस्कोप लावून दाखवा म्हणायचं, लांबचं काहीतरी फोकसमध्ये आणायचं आणि नळीला बोटानं हलकी टिचकी मारायची. थरथर दोन-तीन सेकंदात थांबली तर ठीक. त्याच्या पुढं हलत राहिलं तर तो टेलिस्कोप घेऊ नका, कितीही भारी भिंग असू दे, कारण ६५ पटीला ती थरथर पण ६५ पटच दिसते. शिवाय पृथ्वी फिरत असते त्यामुळं ६५ पटीला ग्रह तीनेक मिनिटांत एका कडेनं दुसऱ्या कडेला जातो, म्हणजे पोराला सारखं नळीला हात लावून जरा जरा सरकवावं लागणार, आणि तिथं जर स्क्रू सोडा, सरकवा, परत आवळा असली भानगड असेल तर झालं.

आणखी एक, ते वजन लोंबणारे इक्वेटोरियल माउंट दिसायला लई भारी दिसतात, वैज्ञानिकाचं काहीतरी वाटतं, त्यामुळं आईबाप त्यालाच भुलतात. त्याचा एक आस ध्रुव ताऱ्याकडं रोखायचा असतो. आता ध्रुव आपल्या कोल्हापुरातनं क्षितिजावर जेमतेम १७ अंश वर दिसतो, आपला अक्षांशच तेवढा आहे, शहरात तो समोरच्या अपार्टमेंटच्या मागंच असतो. मोठ्या माणसाला, फोटो काढणाऱ्याला तो माउंट उपयोगाचा आहे. दहा-अकरा वर्षाच्या पोरीला वर-खाली आणि डावी-उजवी एवढंच फिरणारा साधा माउंट द्या. यातला सगळ्यात सरळ प्रकार म्हणजे डॉब्सोनियन, खाली एक फिरणारी लाकडी पेटी आणि त्यात नळी, बास. जॉन डॉब्सन नावाचा माणूस अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला रस्त्यावर टेलिस्कोप लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवायचा, त्यानं हा प्रकार लोकांमध्ये नेला. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

बहिणीला मी सांगितलं की महिनाभर काहीच घेऊ नकोस. माझी १० बाय ५० ची, म्हणजे १० पटीची आणि ५० एमएम भिंगांची दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर, भाचीला देऊन टाकली. बऱ्याच जणांना हे टाळाटाळ वाटतं पण तसं नाहीये, टेलिस्कोपमधनं आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो, तेव्हा आधी कुठं काय आहे हे डोळ्याला माहिती पाहिजे. कृत्तिका नुसत्या डोळ्यानं तिला सहा दिसत होत्या, दुर्बिणीतनं तिनं मोजायला सुरुवात केली आणि तीसच्या पुढं सोडून दिलं. चंद्राच्या कडेचे खड्डे दिसले. भिंतीला कोपर टेकवून धरायची हे तिचं तिनंच शोधलं. कुणाचं बजेट एकदमच कमी असेल तर मी म्हणेन चांगली दुर्बीणच घ्या आणि थांबा, त्या पैशात येणारा टेलिस्कोप नको.

डिसेंबरात पण तिचा उत्साह तसाच होता तेव्हा आम्ही घेतला. दोन गोष्टींमध्ये अडकलो होतो. एक ७० एमएमचा लेन्सवाला, ७०० फोकल लेंग्थचा, उंच ट्रायपॉडवरचा, आणि दुसरा १३० एमएमचा आरशाचा, ६५० फोकल लेंग्थ, छोट्या डॉब्सोनियन पेटीतला जो टेबलावर ठेवायचा असतो. सात-आठ वर्षाचं पोरगं असतं तर मी पहिला घेतला असता, त्यात आरसा जुळवायचं काम नसतं, उचलून कुठंही नेता येतो. हिच्यासाठी दुसरा घेतला. टेबलाचा प्रश्न पण सुटला, गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ तीन फुटी कट्टा आहे, दगडासारखा पक्का, त्याच्यावर पेटी ठेवली की हलायचं नाव नाही. आरशाचे टेलिस्कोप बघताना एक फसवणूक मात्र ध्यानात ठेवा. नळी जेमतेम दीड फूट आणि फोकल लेंग्थ लिहिलीय १००० एमएम, असं दिसलं तर आत फोकसरमध्ये, म्हणजे आयपीस बसतं त्या भागात, एक जादाची लेन्स घालून लांबी वाढवलेली असते, स्वस्त मालात ती लेन्स चांगली नसते आणि चित्र कधीच टोकदार होत नाही. आयपीस सव्वा इंची असावीत, म्हणजे पुढं चांगली घेता येतात.

घरी आणल्यावर पहिलं काम दिवसा केलं. फाईंडर, म्हणजे नळीवरचं नेम धरायचं साधन, आणि टेलिस्कोप दोन्ही एकाच ठिकाणी बघतात का ते लांबच्या मोबाईल टॉवरच्या टोकावर जुळवून घेतलं, सूर्य पाठीमागं ठेवून. रात्री अंधारात हे करायला गेलं की पोरगं पहिल्याच दिवशी रडकुंडीला येतं. आणि सूर्याचं मी तिला तीनदा वदवून घेतलं, टेलिस्कोप किंवा दुर्बिणीतनं सूर्याकडं कधीच बघायचं नाही, एक क्षण पण नाही, डोळा कायमचा जातो आणि जाताना दुखत पण नाही. काही सेटबरोबर आयपीसला लावायचं काळं सन फिल्टर येतं ते मी कुणाच्याही घरी बघितलं तर मागून घेऊन फोडून टाकतो, उष्णतेनं ते तडकतं आणि डोळा तिथंच असतो. दिवसा झाकण लावून टेलिस्कोप घरात, गच्चीवर नाही, हा नियम आज्जीनं पण पाठ केलाय.

पहिल्या रात्री २५ एमएमचं आयपीस, म्हणजे फक्त २६ पट, आणि अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र. पौर्णिमेला सुरुवात करू नका, उजेड समोरनं पडतो त्यामुळं सावल्याच नसतात आणि चंद्र भाकरीसारखा सपाट दिसतो. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवर एकेक डोंगर सावलीसकट उभा असतो. ती डोळा लावून बसली ती पाच मिनिटं बोललीच नाही, मग म्हणाली, "मामा, उलटा दिसतोय." आरशाच्या टेलिस्कोपमध्ये उलटंच दिसतं, आकाशात वर-खाली असं काही नसतं म्हणून चालतं, हे आधी सांगून ठेवा नाहीतर बिघडलाय म्हणून परत पाठवतील.

शनीचं मात्र आधीच समजावलं होतं. खोक्यावरचा फोटो डोक्यात असतो ना. त्यात मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला एकदम कडेनं दिसत होती, पंधराएक वर्षांनी असं होतं, डिसेंबरात पण ती नखाच्या रेघेसारखीच होती. मण्यात सुई ओवल्यासारखा तो दिसला. पुढच्या वर्षांत कडी उघडत जाईल आणि तिला ते सगळं दरवर्षी बघायला मिळेल, मला तर वाटतं तिनं बरोबर वेळेला सुरुवात केलीय. मृगातल्या बाणाच्या खालचा तेजोमेघ पण करडा दिसतो, गुलाबी नाही, आपला डोळा एवढ्या कमी उजेडात रंग ओळखत नाही. आम्ही एकदा पन्हाळ्याच्या वाटेवर एका ओळखीच्या रानात नेऊन तो बघितला, शहराच्या दिव्यांपासून लांब, फरक जमीन-अस्मानाचा. सप्तर्षीतले वसिष्ठ-अरुंधती पण दाखवा, लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ते, त्यातला वसिष्ठ टेलिस्कोपमध्ये स्वतःच दोन ताऱ्यांचा निघतो. आज्जीला ते दाखवल्यावर ती बराच वेळ खुर्चीवरनं उठली नाही.

ज्यांना घ्यायच्या आधी एकदा डोळ्यानं बघायचं असेल त्यांनी पुण्याला जाणं झालं की ज्योतिर्विद्या परिसंस्थेकडं चौकशी करा, १९४४ पासून हौशी लोकांची ही संस्था आहे. पुण्यातच आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, जी जयंत नारळीकरांनी उभी केली, आणि नारळीकरांचा जन्म १९३८ चा, आपल्या कोल्हापुरातला, हे मी भाचीला मुद्दाम सांगितलं.

एक कोल्हापूरकरांसाठी. जून ते सप्टेंबर आपल्याकडं आभाळ दिसत नाही, त्यामुळं शाळा सुरू होताना म्हणून जूनमध्ये टेलिस्कोप घेऊ नका, चार महिने खोक्यात पडून पोराचा रस जातो. आणि त्या दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते, आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायची. आरसा फडक्यानं पुसायचा नाही, थोडी धूळ बसली तरी काही बिघडत नाही.

जानेवारीत गुरू रात्रभर वर असायचा, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ. ४० पटीला तो नुसत्या डोळ्यानं दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसतो आणि शेजारी ओळीत चार चंद्र. भाचीनं वहीत रोज एक गोल आणि चार ठिपके काढायला सुरुवात केली, वर तारीख आणि वेळ. चौथ्या का पाचव्या रात्री दहा वाजता तिचा फोन आला, "मामा, एक कमी आहे. तीनच आहेत. मी फोकस पण करून बघितला." मी म्हटलं नेटवर बघू नकोस, ते तीन काढून ठेव, स्वेटर घाल आणि तासाभरानं परत बघ.

सव्वाअकराला परत फोन वाजला. मागनं बहिणीचा आवाज येत होता, उद्या शाळा आहे म्हणून. भाची एवढंच म्हणाली, "आला मामा. गुरूला चिकटून आहे एकदम," आणि वहीत काढायचं राहिलंय म्हणून तिनंच फोन ठेवला.