'यू'चा आडोसा

"पुरुष आवडतात हे पंचेचाळिसाव्या वर्षी सांगताय? लग्न, मुलं सगळं झाल्यावर? आधी कळलंच नव्हतं?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. कळत होतं, वाक्यात बसत नव्हतं.

मराठीत प्रेमाबद्दल बोलायला तोंड उघडलं की क्रियापद चुगली करतं. 'भेटला' म्हणा नाहीतर 'भेटली', लपायला जागाच नाही. इंग्रजी गाण्यातला 'यू' मात्र कुणालाही चालतो. ब्रिटिश पॉप गायक जॉर्ज मायकलच्या गाण्यांशी माझं जमलं ते बहुधा या सोयीमुळेच. (आवाज होताच म्हणा, तो वगळून कसं चालेल!)

१९९६ साली त्याचं 'जीझस टू अ चाइल्ड' आलं. संथ, जवळजवळ सात मिनिटांचं, गेलेल्या माणसासाठी. मी पंचवीस वर्षांचा, लग्न ठरलेलं, आणि कानाला हेडफोन लावून ढसाढसा रडतोय. घरात कुणी गेलं नव्हतं. मग हे रडू कुणासाठी, असं स्वतःला विचारायची छाती झाली नाही.

दोन वर्षांनी बातमी आली: बेव्हर्ली हिल्समधल्या एका बागेच्या स्वच्छतागृहात पोलिसांनी त्याला पकडलं. त्यानंतर, चौतिसाव्या वर्षी, त्याने आपण समलिंगी असल्याचं जगाला सांगितलं. लोक फिदीफिदी हसले. त्याने त्याच प्रकरणावर गाणं केलं आणि व्हिडिओत पोलिसाचा गणवेश घालून नाचला. मी काय केलं? पेपर घडी घालून पालथा ठेवला.

२०१६च्या नाताळात, ५३व्या वर्षी, तो गेला. त्याच्यावरच्या लेखांत अन्सेल्मो फेलेप्पा हे नाव मी पहिल्यांदा वाचलं. ब्राझीलचा हा तरुण त्याला १९९१मध्ये रिओत भेटला, १९९३मध्ये एड्सने गेला. 'जीझस टू अ चाइल्ड' त्याच्यासाठी होतं. तो गेल्यावर जॉर्जने आईवडिलांना पत्र लिहून स्वतःबद्दल सांगितलं होतं.

रात्री गाणं पुन्हा लावलं. या वेळी 'यू'च्या जागी 'तो' ऐकू येत होता. कॉलेजातला एक मित्र आठवला आणि मी मोठ्याने म्हणालो, "मला तो आवडायचा." इतकं साधं वाक्य, कर्ता-कर्म सगळं जागच्या जागी.

मागे वळलो तर दारात बायको. तिने ऐकलं का, हे विचारायला मला तीन महिने लागले.

ऐकलं होतं.