रिपोर्टमधली शेवटून दुसरी ओळ

पोटाच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट बहुतेक वेळा एकाच प्रश्नासाठी वाचला जातो. खडा आहे का? अपेंडिक्स सुजलंय का? उत्तर सापडलं की कागद फाइलमध्ये जातो. आमचा अभ्यास त्या उत्तराच्या खालच्या ओळींचा आहे. 'डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत छोटी गाठ दिसते, लक्षणांशी पडताळून पाहावे' अशी एखादी ओळ तिथे असते आणि ती नेमकी कोणी वाचायची, हे ठरलेलं नसतं. स्कॅन सांगणारा सर्जन खड्याच्या मागे असतो. रेडिओलॉजिस्टने दिसलं ते लिहिलेलं असतं. रुग्णाला वाटतं, काही असतं तर डॉक्टर बोलले असते.

मी एंडोक्रायनॉलॉजिस्ट आहे, म्हणजे हार्मोनच्या आजारांची डॉक्टर. अ‍ॅड्रिनल या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या इवल्याशा ग्रंथी. कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन, अ‍ॅड्रिनलिन ही मंडळी तिथून येतात. भलत्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये तिथे १ सेंमी किंवा त्याहून मोठी गाठ निघाली, तर तिला आम्ही इन्सिडेंटलोमा म्हणतो. तरुणपणी ती क्वचित दिसते, वय वाढतं तसं प्रमाण वाढत जातं. अमेरिकेत मिनेसोटामधल्या एका काउंटीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९९५ ते २०१७ या काळात अशा गाठींचं निदान जवळपास दहा पटींनी वाढलेलं आढळलं. माणसांना गाठी जास्त होऊ लागल्या असं नाही. स्कॅन जास्त होऊ लागले. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पण कोणती निरुपद्रवी आणि कोणती नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासणीच होत नाही, हे मला वर्षानुवर्षं खटकत होतं.

म्हणून रुग्णालयातले जुने सीटी रिपोर्ट शोधून काढायचे, त्यात अ‍ॅड्रिनलचा उल्लेख असलेले वेगळे काढायचे आणि त्या रुग्णांच्या पुढे काय तपासण्या झाल्या ते पाहायचं, असा अभ्यास आम्ही सुरू केला. एथिक्स कमिटीने एक अट घातली होती आणि ती मला मनापासून पटली होती: कागद चाळताना काही महत्त्वाचं सापडलं तर ते फक्त तक्त्यात भरून ठेवायचं नाही, त्या माणसाला कळवायचं. त्यामुळे आमच्या अभ्यासात फोन करणं हा कामाचाच भाग होता. फाइलमागून फाइल उघडत गेलो तसं चित्र स्पष्ट होत गेलं. बहुतेकांच्या कागदांत हार्मोनची एकही चाचणी नव्हती.

फोनचं काम आमची रिसर्च कोऑर्डिनेटर करते. ज्यांची गाठ काळजी वाटावी अशी असेल त्यांना मी स्वतः करते. ते ठरतं स्कॅनवरून. साध्या, म्हणजे शिरेत डाय न देता काढलेल्या सीटीत गाठीवर माउसने एक लहानसं वर्तुळ काढलं की तिची घनता हाउन्सफील्ड युनिटमध्ये समोर येते. पाण्याची घनता शून्य, चरबीची त्याहून खाली. अ‍ॅड्रिनलच्या सौम्य गाठींमध्ये चरबी भरपूर असते, म्हणून त्यांचा आकडा खाली राहतो. गाठ एकसारखी दिसत असेल आणि आकडा १० किंवा त्याहून कमी असेल, तर ती सौम्य धरायची, आकार कितीही असो. पुन्हा स्कॅन करायची गरज नाही. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोक्रायनॉलॉजीच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. वर्तुळ काढायला काही सेकंद लागतात, आणि मूतखड्यासाठी केलेला स्कॅन जवळजवळ नेहमी साधाच असतो. म्हणजे उत्तराचा अर्धा भाग त्या चित्रात पहिल्या दिवसापासून असतो.

त्या दिवशी यादीत एक शाळामास्तर होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय चौपन्न, तीन वर्षांपूर्वी मूतखड्यासाठी साधा सीटी. रिपोर्टमध्ये खड्याचं सविस्तर वर्णन आणि शेवटून दुसऱ्या ओळीत डाव्या अ‍ॅड्रिनलमधली २.४ सेंमीची गाठ. घनता लिहिलेली नव्हती. मी वर्तुळ काढलं. ३४. जागा थोडी बदलून पुन्हा काढलं. ३६.

इतक्या घनतेची गाठ म्हणजे वाईटच असं नव्हे. चरबी कमी असलेल्या सौम्य गाठीही तिथे येतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांवर रुग्णांच्या युरिन-अ‍ॅक्ट या अभ्यासात कर्करोगाच्या बाजूने झुकणारी खूण म्हणून २० च्या वरचा आकडा भक्कम ठरला, पण तोही आकार आणि लघवीतल्या स्टेरॉइडच्या तपासणीसोबत वाचायचा असतो. आणखी एक शक्यता असते, फिओक्रोमोसायटोमा: अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची रसायनं वेळीअवेळी रक्तात सोडणारी गाठ. ती १० च्या खाली जवळजवळ कधीच सापडत नाही. वर सापडते.

मी फोन लावला.

"सर, तीन वर्षांपूर्वी तुमचा पोटाचा स्कॅन झाला होता, आठवतं?"

"हो हो. तो खडा पडून गेला. आता काही त्रास नाही डॉक्टर."

खड्यासाठी नव्हे, असं सांगून मी गाठीबद्दल बोलले. पलीकडे शांतता. मग फोन स्पीकरवर गेला आणि त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "गाठ म्हणजे कॅन्सरची का?"

"ताई, बहुतेक वेळा नसते. पण तपासायची राहून गेली आहे, ती आता तपासू या. सर, मध्येच एकदम छातीत धडधड, दरदरून घाम, डोकं ठणकणं, असं कधी होतं का?"

सर म्हणाले, "थोडंफार टेन्शनमुळे होतं."

ताईंनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "थोडंफार नाही हो. वर्गात फळ्यावर लिहिताना खडू हातातून गळून पडला होता. मुलांनी खुर्ची आणून बसवलं. पांढरेफटक पडले होते. पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा होते तसे! डॉक्टरांनी ताणाची गोळी दिली आहे."

गोळीचं नाव वाचायला सांगितलं. प्रोप्रॅनोलॉल. धडधडीसाठी सर्रास दिलं जाणारं, एरवी चांगलं औषध. पण फिओक्रोमोसायटोमात हा बीटा ब्लॉकर एकटा दिला तर रक्तवाहिन्या आणखी आवळल्या जाऊन रक्तदाब उसळू शकतो. माझी लेखणी वहीवर थांबली. आणखी काही चालू आहे का, म्हणून विचारलं.

"नाही. पुढच्या आठवड्यात हर्नियाचं ऑपरेशन आहे, तेवढंच. सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्यात. बीपीसुद्धा."

दोन झटक्यांच्या मधल्या काळात रक्तदाब अगदी व्यवस्थित असू शकतो. ही गाठ माहीत नसताना भूल दिली, तर श्वासासाठी नळी घालताना किंवा पोटाला हात लावताना रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तदाब आकाशाला भिडतो, हृदयाची लय बिघडते. ऑपरेशन टेबलवर माणसं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

फोनवर मी हे सगळं बोलले नाही. एवढंच सांगितलं की हर्निया थांबू शकतो, ही चाचणी थांबू शकत नाही, आणि उद्या सकाळी या. फोन ठेवून लगेच त्यांच्या भूलतज्ज्ञांना गाठलं. घनता आणि लक्षणं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मेटानेफ्रिन झालंय?" (फिओक्रोमोसायटोमा सोडतो ती रसायनं मोडून जे पदार्थ तयार होतात, त्यांची ही रक्तचाचणी.) नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग ते आल्याशिवाय मी भूल देत नाही. नाव यादीतून काढतो." असा सहकारी मिळणं ही रुग्णाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट असते.

दुसऱ्या दिवशी सर रिकाम्या पोटी आले. मेटानेफ्रिनचं रक्त घाईने घेऊन चालत नाही. माणूस उठून-बसून, धावपळ करून आला असेल तर आकडे खोटे वाढतात. आधी शिरेत सुई घालून ठेवायची, मग अर्धा तास आडवं, शांत पडू द्यायचं आणि पुन्हा न टोचता त्याच सुईतून रक्त काढायचं. आमच्या नर्सने खोलीतला मोठा दिवा बंद केला, दारावर पाटी लावली, नळी बर्फात ठेवून स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिली. सुई घालताना सरांनी विचारलं होतं, "तीन वर्षं हे त्या कागदावर होतं?" मी हो म्हणाले. त्यांना तेवढंच हवं होतं, सरळ उत्तर. त्यावर कारणं सांगत बसणं मला बरं वाटलं नाही.

डेक्सामेथासोनची चाचणी, म्हणजे या स्टेरॉइडच्या गोळीने कॉर्टिसॉल दबतं का ते पाहणं, मात्र मी मुद्दाम मागे ठेवली. इन्सिडेंटलोमाच्या प्रत्येक रुग्णाला ती करायची असते: रात्री अकराला १ मिलिग्रॅमची गोळी, सकाळी आठ-नऊच्या सुमारास कॉर्टिसॉल. निरोगी शरीरात ते डेसिलीटरमागे १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली दबतं. पण स्टेरॉइडमुळे फिओक्रोमोसायटोमाचा झटका आल्याची उदाहरणं आहेत, मोठ्या मात्रेत विशेष. शंका असताना मेटानेफ्रिन आधी, हा आमच्या प्रोटोकॉलमधला क्रम आहे. सुईने गाठीचा तुकडा काढायचा विचार तर त्याआधी मनातसुद्धा आणायचा नाही.

याच डेक्सामेथासोनने आमच्या यादीतल्या दुसऱ्या एका बाईंची गोष्ट उलगडली. त्यांची घनता ६, म्हणजे गाठ निःसंशय सौम्य. पण मधुमेह, रक्तदाब आणि मणक्याचं फ्रॅक्चर अशा तीन फाइली तीन वेगळ्या डॉक्टरांकडे. गोळीनंतर कॉर्टिसॉल ३ च्या वर. गाठ सौम्य असली तरी गप्प नव्हती. २०२२ साली १३०५ रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य गाठ असलेल्यांपैकी जेमतेम निम्म्या जणांचीच गाठ खऱ्या अर्थाने गप्प निघाली. बाकीच्यांत कॉर्टिसॉल कमी-अधिक स्वतःच्या मर्जीने तयार होत होतं, आणि त्यात बायकांचं प्रमाण जास्त होतं. अशा कोणाची ग्रंथी काढावी आणि कोणाला औषधांवर ठेवावं, यावर आमच्या क्षेत्रात आजही हिरिरीने चर्चा चालते. मला वाटतं, तीन फाइली एका टेबलावर आणणं ही त्या चर्चेच्या आधीची पायरी आहे आणि तीच गाळली जाते.

सरांचा निकाल आला. मेटानेफ्रिनच्या चाचणीतलंच नॉर्मेटानेफ्रिन, वरच्या मर्यादेच्या सहापट. किंचित वाढलेले आकडे औषधांमुळे, ताणामुळे येतात आणि डोकं खातात. सहापटीला दुसरा अर्थ सहसा नसतो. नव्या स्कॅनमध्ये गाठ ३ सेंमीच्या पुढे गेली होती.

पुढचं सगळं शिस्तीने झालं. प्रोप्रॅनोलॉल कमी करत थांबवलं, अल्फा ब्लॉकर सुरू करून हळूहळू वाढवला, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतील तसं रक्ताचं आकारमान भरून यावं म्हणून मीठ-पाणी वाढवायला सांगितलं. सर रोज उभ्याने आणि बसून रक्तदाब मोजून चौकटी आखलेल्या वहीत लिहीत, लाल आणि निळ्या शाईत. या तयारीला साधारण दोन आठवडे जातात आणि त्यात घाई करून चालत नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी थिएटरमध्ये होते. दुर्बिणीतून सर्जनने गाठीच्या भोवतालचा भाग सोडवायला घेतला आणि एवढ्या तयारीनंतरही मॉनिटरवर रक्तदाबाचा वरचा आकडा १३० वरून १९० वर गेला. भूलतज्ज्ञांनी औषध वाढवलं, सर्जनला हात थांबवायला सांगितलं. खाली आल्यावर पुन्हा सुरू. ग्रंथीच्या शिरेवर क्लिप बसली, काही क्षणांत आकडा ९० च्या खाली उतरला. सलाइन आणि दुसरं औषध तयार होतंच. हेच सगळं हर्नियाच्या टेबलावर, कोणाच्या ध्यानीमनी नसताना झालं असतं. तो विचार मी तिथे उभी असताना बाजूला सारू शकले नाही.

सर सुखरूप घरी गेले. धडधडीचे झटके थांबले, हर्नियाचं ऑपरेशनही नंतर झालं. फिओक्रोमोसायटोमाच्या तीनांतल्या एका रुग्णात तरी आनुवंशिक दोष सापडतो, त्यामुळे त्यांची जनुकीय चाचणी केली. ती निर्दोष आली आणि मुलांना तपासायची गरज उरली नाही. त्यांना स्वतःला मात्र निदान दहा वर्षं दरवर्षी मेटानेफ्रिन करायचं आहे. ही गाठ उशिरानेही परतू शकते.

आमच्या रेडिओलॉजी विभागाशी बोलून रिपोर्टच्या साच्यात दोन गोष्टी घालून घेतल्या. अ‍ॅड्रिनलची गाठ दिसली आणि स्कॅन साधा असेल तर घनतेचा आकडा लिहायचा, आणि 'लक्षणांशी पडताळून पाहावे' ऐवजी 'एंडोक्रायनॉलॉजी विभागाकडे पाठवावे' असं स्पष्ट म्हणायचं. भूलतज्ज्ञांनी त्यांच्या ओपीडीत जुन्या स्कॅनचा रिपोर्ट शेवटपर्यंत वाचायचा नियम केला आहे. यादीत अजून पुष्कळ नावं आहेत. काहींचे नंबर बदललेत, त्यांना आम्ही पत्रं पाठवतो आहोत. फोनचा क्रम आधी स्कॅनच्या तारखेनुसार होता, तो आता बदलला: ज्यांची घनता २० च्या वर आहे ते आधी, आणि त्यातही कुठल्याही ऑपरेशनची तारीख लागलेली असेल ते सगळ्यांच्या आधी.