वांगी, गाळणी आणि दहा महिन्यांची मालकीण

सांगलीहून मावशीचा फोन आला की ठरलेला प्रश्न येतोच: "अरे, नोकरी सोडून पोरीला घेऊन दिवसभर करतोस तरी काय?" नोकरी सोडलेली नाही, हे सांगून आता मी थकलोय. जर्मनीत आई किंवा बाबा, एकानेच रजा घेतली तर पालकभत्ता १२ महिने मिळतो. दोघांनी वाटून घेतली तर १४ महिने. भत्ता म्हणजे आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, आणि जास्तीत जास्त महिन्याला १८०० युरो. आमच्याकडे पहिली पाळी बायकोची झाली. ऑगस्टपासून ती कामावर जाते आणि मी घरी असतो. म्हणजे खरं तर बागेत असतो.

बाग आमच्या मालकीची नाही आणि घराला लागूनही नाही. आम्ही लाइपझिगला तिसऱ्या मजल्यावर राहतो. सायकलवरून दहा मिनिटांवर अशा बागांची एक वसाहतच आहे. ओळीने वाफे, प्रत्येकाला कुंपण, आत एक लाकडी खोपटं, एखादं सफरचंदाचं झाड. संघटनेचं सभासद व्हायचं आणि तुकडा भाड्याने घ्यायचा. कायदा कडक आहे. तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नको, खोपटं ओसरीसकट २४ चौरस मीटरपर्यंत, त्यात कायमचा मुक्काम करायचा नाही, आणि किमान एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या हव्यातच. नुसतं गवत राखून आरामखुर्ची टाकलीत तर चिठ्ठी येते.

या बागांना इथे श्रेबर-बागा म्हणतात आणि त्यांची सुरुवात याच गावात झाली. श्रेबर हे लाइपझिगचे डॉक्टर होते. बागेशी त्यांचा संबंध नावापुरताच. १८६१ मध्ये ते वारले. १८६४ मध्ये हाउशिल्ड नावाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी पालकांची एक संघटना काढली आणि तिला डॉक्टरांचं नाव दिलं. पुढच्या वर्षी मुलांना खेळायला एक मैदान मिळालं. नंतर गेझेल नावाच्या शिक्षकाने मैदानाच्या कडेला मुलांसाठी छोटे वाफे आखले. मुलांनी चार दिवस माती उकरली आणि ती कंटाळून पुन्हा खेळायला पळाली. तण माजायला लागल्यावर आई-बाप खुरपी घेऊन आले, ते आजतागायत तिथेच आहेत. आमच्या वाफ्यात कन्येचा मुळ्यांमधला रस पाच मिनिटांत संपतो आणि खुरपं माझ्या हातात उरतं, तेव्हा मला या इतिहासाबद्दल फार आपुलकी वाटते.

गंमत म्हणजे हेच डॉक्टर श्रेबर मुलांच्या बाबतीत भयंकर कडक होते. मुलांनी ताठ बसावं म्हणून त्यांनी पट्टे आणि टेकू बनवले होते. त्यांच्या नावाच्या बागेत आज अगदी उलटी हवा आहे. इथल्या बाळंतपणानंतरच्या वर्गांत आणि रांगत्या बाळांच्या गटांत एमी पिकलर या हंगेरियन बालरोगतज्ज्ञ बाईंचा शब्द चालतो. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी बुडापेस्टमध्ये बालगृह चालवलं. त्यांचं म्हणणं साधं आहे: बाळ आपणहून बसत नाही तोवर त्याला बसवायचं नाही. पाठीवर ठेवा, कुशीवर वळेल, पालथं पडेल, ज्या दिवशी जमेल त्या दिवशी बसेल.

माझ्या आईला हे अजिबात पटलं नाही. ती उन्हाळ्यात नव्वद दिवसांच्या व्हिसावर आली होती. आमच्याकडे सहावा लागला की लोड-तक्क्यांच्या मध्ये बाळाला बसवायची रीत. "पाठीला सवय नको का व्हायला?" असं म्हणत आई बागेत घोंगडी पसरायची, त्यावर दोन उशा लावायची, आणि मी एक उशी हळूच काढून घ्यायचो. शेजारच्या वाफ्यातले आजोबा ही ओढाताण कुंपणावरून बघायचे. शेवटी एका दुपारी आमची छोटी बाई पालथीची रांगायच्या पवित्र्यात आली, एका बाजूला कलली आणि बसली. आई म्हणाली, "बघ, उशांचा गुण." मी गप्प बसलो. तेल-मालिश मात्र आईचीच. त्यात ना पिकलरबाईंची ढवळाढवळ, ना माझी.

खेळाचं म्हणाल, तर घरात खेळणी जवळजवळ नाहीत. तत्त्व वगैरे काही नाही, फ्लॅट लहान आहे आणि आलेल्या खेळण्यांकडे ती ढुंकूनही बघत नाही. बागेत तिचं सामान ठरलेलं आहे: एक पसरट घमेलं, त्यात चार बोटं पाणी, एक स्टीलची वाटी, लाकडी उलथनं आणि चहाची गाळणी. यातली गाळणी सर्वांत लाडकी. गाळणी पाण्यात बुडवते, वर उचलते, पाणी गळून जातं. मग गाळणी उलटी करून मागे बघते, पाणी तिथे लपलंय की काय. पुन्हा बुडवते. आता दुसरा हात खाली धरते, पाणी तळव्यावर पडतं, मूठ मिटते, मूठ उघडते, मुठीत काही नाही. कपाळाला आठी. मग वाटीची पाळी. वाटीत पाणी राहतं! हे कळल्यावर ती वाटी गाळणीत ओतते आणि मामला पुन्हा मूळपदावर. तेवढ्यात माझे अर्धी ओळ गाजरं विरळून होतात. मी मध्ये पडून "असं नाही, असं कर" म्हटलं की खेळ संपलाच समजा, ती लगेच हात वर करून उचलून घे म्हणते. त्यामुळे मी तोंड मिटून गाजरांकडे बघतो आणि एक डोळा घमेल्यावर ठेवतो. पाणी चार बोटं असलं तरी बाळाला त्याच्यापाशी एकटं सोडायचं नसतं, अगदी नळापर्यंत जाऊन यायचं असलं तरी.

आठवड्यातून एकदा बाळांच्या गटात जातो. प्रागच्या एका मानसशास्त्रज्ञाच्या कामावरून बेतलेला हा कार्यक्रम आहे. खोली चांगली गरम केलेली असते आणि सगळी बाळं नागडी. आम्ही आठ-दहा मोठी माणसं भोवती जमिनीवर बसतो. कुणाची बाळं कुठे आणि काय करतात याबद्दल जास्त लिहीत नाही. पुसायची फडकी भरपूर लागतात, एवढंच.

आता जेवण. इथे वरचं खाणं पाचव्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान सुरू करतात, आणि क्रमही ठरलेला: आधी दुपारी भाजी-बटाटा-मांस, महिनाभराने रात्री दुधातली लापशी, त्यानंतर दुपारनंतर धान्य आणि फळ. मांस लोहासाठी. शाकाहारी घरांना ओट्स आणि सोबत संत्र्याचा रस सांगतात, कारण क जीवनसत्त्वाने धान्यातलं लोह अंगी लागतं. आम्ही मुगाची खिमट करतो, त्यात नवलकोल नाहीतर लाल भोपळा घालतो आणि वरून लिंबू पिळतो. डॉक्टरीणबाईंनी यादी बघून मान डोलावली. आईला एकच गोष्ट कठीण गेली, ती मध. चाटण-गुटीबरोबर मधाचं बोट देणं तिच्या हातातलं. पण मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. हे नीट सांगितल्यावर तिने बरणी स्वतःच वरच्या फळीवर ठेवली.

बागेतला स्वयंपाक कोळशावर होतो. उघडी शेकोटी आमच्या वसाहतीत चालत नाही, जाळीची शेगडी चालते. बाकीचे त्यावर सॉसेज भाजतात, मी वांगी. तुर्की दुकानातली जाड वांगी असतात, बिया कमी, गर भरपूर. टोचे मारून निखाऱ्यावर ठेवायची, साल फुटून रस चरचरायला लागला की फिरवायची. देठाजवळ बोट दाबून बघायचं, तिथे मऊ पडलं की झालं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव नाही, याबद्दल मी कुणाशीही वाद घालीन. गर कुस्करला की मीठ-मिरचीच्या आधी बाईंचा वाटा बाजूला काढायचा, करपलेली साल एकही राहू न देता. तिला तो हातानेच खायचा असतो. भुवईपर्यंत भरीत जातं. शेजारच्या आजोबांना कच्चा कांदा आणि दाण्याचं कूट घातलेलं भरीत इतकं आवडलं की आता शनिवारी शेगडीचा धूर दिसला की पाव घेऊन येतात. पावाबरोबर भरीत! पण खातात मनापासून, मग आपण कशाला बोला.

जुलैत झुकिनीचा पूर येतो. दोन वेल लावले तरी अख्ख्या गल्लीला पुरतात. किसून, भाजणीत मळून, बिडाच्या तव्यावर थालीपीठ लावलं की प्रश्न सुटतो. वसंतात इथल्या नदीकाठच्या जंगलात रानलसूण माजते, सगळ्या वाटेवर लसणीचा वास येतो. मूठभर आणून शेंगदाण्यांबरोबर वाटतो. पानं मात्र एकेक तपासून घ्यायची, कारण तशाच दिसणाऱ्या एका पांढऱ्या घंटेच्या फुलांच्या झाडाची पानं विषारी असतात. कच्ची फरसबीसुद्धा विषारी, म्हणून तो वेल कुंपणाच्या पलीकडच्या टोकाला. आणि घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी काखा, मान, कानांमागे, गुडघ्यांमागे गोचीड शोधायची. हे काम रोजचं, कंटाळा करून चालत नाही.

दुपारी एक ते तीन वसाहतीत शांतता. हातोडी, गवत कापायचं यंत्र, सगळं बंद. हा नियम कुणी केला त्याचं भलं होवो. बाबागाडी सफरचंदाखाली लावली की बाई झोपते आणि मला थर्मासमधला चहा मिळतो.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे शेती करतोस." चालेल. महिनाअखेरीस पाइप गोठून फुटू नयेत म्हणून वसाहतीचं पाणी बंद करतात. त्याआधी वेलावर राहिलेला शेवटचा भोपळा उतरवून तिसऱ्या मजल्यावर चढवायचाय. वजनाला तो लेकीहून भारी आहे, आणि दोघांना एकाच खेपेत न्यायचा माझा विचार बायकोने आत्ताच फेटाळलाय.